निळ्या पेन्सिलीची सही

खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नव्हे, चांगला सणसणीत. सकाळी ऑफिसचा जिना चढताना सुरू व्हायचा तो दुपारी पान सुटेपर्यंत. बावीस वर्षं मी हा हेवा न चुकता केला. दुसरं कुठलंच काम मी इतक्या नेमाने केलेलं नाही.

आम्ही दोघी त्या सांजदैनिकात एकाच दिवशी लागलो आणि शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो. खाली छपाईचं मशीन, वर आम्ही. मशीन सुरू झालं की कपातला चहा थरथरायचा. पान दुपारी एकला खाली जायचं आणि चारला अंक रस्त्यावर यायचा. एकच्या वर पाच मिनिटं झाली की मशीनवाले काका खालून पाइपावर हातोडी आपटायचे. टण, टण, टण. त्या आवाजाने माझं निम्मं आयुष्य खाल्लं.

पहिलं पान माझ्याकडे होतं. मालकांना माझं नाव कधी लक्षात राहिलंच नाही. "अहो पहिलं पान, जरा इकडे या," अशी हाक मारायचे. आणि तिला? तिला मात्र नावाने, वर पुढे ताई लावून! बाकीचं ऑफिस तिला फोनबाई म्हणायचं, कारण बातमीत कुणाचंही नाव आलं की त्या माणसाला फोन करायचा आणि त्याच्याबद्दलची ओळ त्याला वाचून दाखवायची, असा तिचा नियम होता. चोर असो नाहीतर मोठा अधिकारी असो. "नमस्कार. आज तुमच्याबद्दल असं छापतोय, ऐका हं. बरोबर आहे का? तुमचं म्हणणं काय?" मग त्याचं म्हणणं ती एका लांबलचक रजिस्टरमध्ये वेळेसकट लिहायची. लोक फोनवर शिव्या द्यायचे. ती शांतपणे विचारायची, "हे छापायचं की नुसतं माझ्यासाठी?" समोरचा गारच व्हायचा.

एवढं झालं की पानाच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने दोन अक्षरी सही. ती सही झाल्याशिवाय पान खाली जायचं नाही. पान मी लावायचं, मथळे मी द्यायचे, काकांची हातोडी मी ऐकायची आणि शेवटचा हात मात्र तिचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यात भर म्हणजे ती ओळ. शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, अंकातल्या मजकुराला कायद्याने जबाबदार कोण, त्याचं नाव असतं. कुणा एकाचं नाव तिथे द्यावंच लागतं. आम्हाला नऊ वर्षं झाली तेव्हा मालकांनी ते नाव बदललं आणि तिचं घातलं. मला वाटलं होतं माझं घालतील. त्या दिवशी घरी येऊन मी भांडी इतकी आपटली की आमचे हे मुकाट्याने बाहेर चक्कर मारायला गेले.

माझ्या सासूबाई अंक पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायच्या, भिंग लावून. तळाची ओळही सोडायच्या नाहीत. रोज संध्याकाळी, न चुकता: "अगं, तुझ्या त्या मैत्रिणीचं नाव आलंय हो आज. तुझं नाही आलं?"

"नाही आलं."

"रोज जातेस ना पण तू?"

मी आत जाऊन कणीक मळायला घ्यायची.

ती अशी का होती, ते तिने मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. तिचे वडील एका दुकानात कारकून होते. एकदा एका पेपरात अफरातफरीची बातमी आली. नाव तेच, आडनाव तेच, वयही तेच, माणूस दुसरा. खुलासा आला आठ दिवसांनी, आतल्या पानावर, दातांच्या मंजनाच्या जाहिरातीखाली. तो कुणी वाचला? कुणीच नाही. वडील त्यानंतर घरातून मागच्या दाराने जायचे आणि मागच्याच दाराने यायचे, मरेपर्यंत. "एक फोन केला असता तर," ती म्हणाली होती, "आमच्याकडे फोन नव्हता, पण दुकानात होता."

मी तेव्हा तिच्या खांद्यावर हात ठेवला. पण मनात काय आलं, तेही सांगते. मनात आलं, हिच्याकडे निदान कारण तरी आहे, माझ्याकडे नुसती नोकरी आहे. माणूस एकदा हेवा करायला लागला की दुसऱ्याच्या दुःखाचासुद्धा करतो.

आता मूळ गोष्ट.

एका शाळेच्या कार्यक्रमात आईसक्रीम खाऊन सतरा मुलांची पोटं बिघडली. सुदैवाने रात्रीपर्यंत सगळी मुलं बरी होऊन घरी गेली. सकाळी आमच्या बातमीदाराने बातमी आणली. आईसक्रीम कुठल्या कंपनीचं ते शाळेच्या पावतीवर स्वच्छ लिहिलेलं होतं. पण त्या कंपनीची अर्ध्या पानाची जाहिरात दर शनिवारी आमच्याकडे यायची. मालक म्हणाले, "तपासणीचा अहवाल येईपर्यंत कंपनीचं नाव नको." टोपी घातली आणि बाहेर जेवायला गेले.

फोनबाई म्हणाली, "नाव नसलं तरी त्यांना विचारायला हवं." आणि बारा वाजून वीस मिनिटांनी फोन लावून बसली. कंपनीचा एक साहेब तिला दुसऱ्याकडे देत होता, दुसरा तिसऱ्याकडे.

इकडे माझ्या पानावर बातमीशेजारी तीन कॉलमांचं भोक. फोटो हवा होता. शाळेने आत येऊ दिलं नव्हतं. मी जुन्या फोटोंचं कपाट उघडलं. त्यात 'उन्हाळा' असं लिहिलेलं एक पाकीट होतं. पाकिटात एक झकास फोटो सापडला. गल्ल्यामागे उभा राहून हसणारा जाडजूड आईसक्रीमवाला, हातात भरलेला कोन, डोक्यावर दुकानाची पाटी, निम्मी दिसणारी. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या पुरवणीत छापलेला.

मी फोटो उलटा केला. मागे निळ्या पेन्सिलीने तिच्या अक्षरात लिहिलं होतं: "फक्त पुरवणीसाठी विचारलं आहे. दुसरीकडे वापरायचा तर पुन्हा विचारणे." खाली त्याच्या घरचा नंबर.

मी ते वाचलं. नीट वाचलं. मग फोटो सुलटा केला आणि पानावर लावला. खाली 'संग्रहित छायाचित्र' असं टाकायला हवं होतं. जागा नव्हती. खरं सांगायचं तर जागा करता आली असती.

एक वाजला. मी पान घेऊन तिच्या टेबलाशी गेले. ती फोनवरच होती. तिने माझ्याकडे न बघता हात वर केला, पाचही बोटं पसरून. पाच मिनिटं थांब. खाली हातोडी सुरू झाली. टण, टण, टण. मी त्या हाताकडे बघत उभी राहिले. बावीस वर्षं मी त्या हातासमोर उभी राहत आले होते, शाळेत बाईंच्या टेबलापाशी उभं राहावं तशी. माझं डोकंच फिरलं. तिची निळी पेन्सिल टेबलाच्या कडेला पडलेली होती. मी ती उचलली, माझ्या जागेवर आले आणि पानाच्या कोपऱ्यात तिची दोन अक्षरं काढली. हुबेहूब आली. इतकी वर्षं बघत होते, येणारच.

पान खाली गेलं.

दीडला तिचा फोन संपला. "पान आण," ती म्हणाली.

"गेलं."

"सहीशिवाय?"

"सही झाली," मी म्हटलं आणि उगीचच ड्रॉवर उघडून त्यात काहीतरी शोधायला लागले. पायाखाली जमीन थरथरत होती. मशीन सुरू झालं होतं.

ती धावत जिना उतरली. तिला धावताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पण मशीन थांबवायचा हुकूम फक्त मालकांचा, आणि मालक जेवायला गेलेले. शेवटचा गठ्ठा बाहेर पडेपर्यंत ती मशीनशेजारी उभी होती, असं काकांनी मला सांगितलं. वर आली तेव्हा कोपराला शाई लागलेली होती. तिने ते पान मागवलं, कोपऱ्यातली सही बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होते की आता ओरडेल, आता बोलेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावले असते. तिने पान घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि फोटोमागचा नंबर फिरवला. त्याच्या बायकोने सांगितलं, ते दुकानात आहेत, तिथे फोन नाही. तेव्हा ती स्वतः दुकानात गेली. पोचेपर्यंत चार वाजून गेले होते आणि अंक तिच्याआधी पोचला होता.

दुसऱ्या दिवशी तो माणूस आमच्याकडे आला. फोटोत होता तेवढाच जाडजूड, पण हसत नव्हता. पिशवीतून अंक काढला आणि टेबलावर पसरला.

"बघा," तो म्हणाला. "पोरं आजारी पडलीत आणि मी हसतोय."

त्याने स्वतःच्या हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"मी त्या कंपनीचा माल ठेवतच नाही हो. मी घरी करतो, बायको आणि मी. काल संध्याकाळपासून एक गिऱ्हाईक नाही. शेजारची पोरं शटरवर कोळशाने काय काय लिहून गेलीत. मी आज सकाळी सगळं मोरीत ओतलं." मग तो फोनबाईकडे वळला. "ताई, मागच्या वेळी तुम्ही फोन करून विचारलं होतं, छापू का म्हणून. मी घरात सगळ्यांना सांगितलं होतं, पेपरवाले विचारून छापतात. मग या वेळी का नाही विचारलं?"

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. तोंड उघडायचं होतं, एवढंच काम होतं. नाही उघडलं.

तिने त्याला आपली खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली. "चूक आमची आहे," ती म्हणाली. "ज्या जागी चूक छापली त्याच जागी खुलासा छापायला लावीन. तेवढाच मोठा."

मालकांनी मात्र साफ नकार दिला. पहिल्या पानावर खुलासा? लोक काय म्हणतील? आतल्या पानावर चार ओळी टाकू, त्याही त्याने लेखी मागितल्या तर. आमचे वकीलही म्हणाले की कबूल काहीच करायचं नाही. चार दिवसांत त्या माणसाच्या वकिलाची नोटीस आली, बदनामीची. कुणाच्या नावाने? तळाच्या ओळीत ज्याचं नाव, त्याच्या नावाने.

आता हसू नका. त्या नोटिशीवर तिचं पूर्ण नाव मोठ्या टाइपात बघून क्षणभर माझ्या पोटात दुखलंच. सवय! मग लगेच कळलं की त्या जागी खरं तर माझं नाव हवं होतं.

दोन्ही बाजूंना त्या माणसाच्या वकिलाच्या खोलीत बसवलं. लांब टेबल, भिंतभर जाड पुस्तकं, खिडकीत वाळलेलं एक रोप. रजिस्टर धरून बसायला मला नेलं होतं. नोटिशीत मागितलेलं ते मूळ पान तिने आणून दिलं होतं. वकिलाने ते पुढे सरकवलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ही सही तुमची?"

तिने पानाकडे बघितलं. माझ्याकडे अजिबात बघितलं नाही.

"शेवटच्या पानावर नाव माझं आहे," ती म्हणाली. "जबाबदारी माझी. सहीचं सोडा, यांना काय हवंय ते विचारा."

त्या माणसाला भरपाई नकोच होती. तो म्हणाला, "ज्या पानावर हसलो त्याच पानावर छापा की हा माणूस तो नव्हे. माझ्या मुलीला शाळेत विचारतात." आणि उठून त्याने खोलीतल्या माठातलं पाणी आणून दिलं. कुणाला? फोनबाईला. जिच्यावर दावा लावायला आला होता तिला! मी शेजारी बसले होते, माझा घसा कोरडा ठणठणीत, मला कुणी विचारलं नाही. आणि मला तिचा हेवा वाटला. माझी चूकसुद्धा तिने माझ्यापेक्षा चांगली निभावली होती.

मालक शेवटी तयार झाले, पण त्यांनी अट घातली. खुलासा पहिल्या पानावर छापतो, पण तळाचं नाव बदलायचं आणि ताईंनी घरी बसायचं. दोष कंपनीच्याच मालात होता, असा तपासणीचा अहवाल तोवर आला होता, तिने तो कंपनीच्या नावासकट बातमीत घ्यायला लावला होता, आणि शनिवारची अर्ध्या पानाची जाहिरात गेली होती. तो राग होताच. ती एका शब्दाने भांडली नाही. रजिस्टर, पेन्सिल आणि टेलिफोनची डायरी माझ्या टेबलावर ठेवली, चष्म्याचं घर पर्समध्ये टाकलं आणि गेली.

दुपारी मालकांनी हाक मारली. "अहो पहिलं पान, उद्यापासून ओळीत तुमचं नाव. ताईच सांगून गेल्या, तुम्हालाच द्या म्हणून. म्हणाल्या, आता ही कधी न विचारता छापणार नाही." मग त्यांनी कपाळ चोळलं. "पूर्ण नाव काय हो तुमचं?"

बावीस वर्षं ज्याच्यासाठी जळत होते ते असं माझ्या पदरात पडलं. तिला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती गप्प राहिली ते मला वाचवायला नव्हे. मी बोलते का, याची ती वाट बघत होती, आणि मी तिला तीन आठवडे वाट बघायला लावली.

घरी सांगितलं नाही. रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी जाऊन खुलासा लिहायला बसले. मालकांनी मजकूर दिला होता: चुकून छापलं गेलं, दिलगीर आहोत, बस्स. मी तो बाजूला ठेवला आणि माझा लिहिला. त्या आईसक्रीमवाल्याचं नाव, दुकानाचं नाव, त्याचा त्या मुलांशी आणि त्या कंपनीशी काडीचा संबंध नाही. मग पुढे: "ते छायाचित्र प्रस्तुत पानाच्या उपसंपादिकेने अनवधानाने वापरले." तिथे माझं नाव, आडनावासकट. आणि शेवटची ओळ: "पानावरची सही फोनवरून खातरजमा करणाऱ्या आमच्या ज्येष्ठ सहकारी यांची नव्हती." तिथे तिचं नाव.

मालक वाचतील आणि एका दिवसात मलाही घरी बसवतील, हे मला कळत होतं. पण मालक बाराला जेवायला जातात आणि पान एकला.

पहिला फोन आईसक्रीमवाल्याच्या घरी. वेळ ठरलेली होती, तो थांबलाच होता. ओळ वाचली. तो म्हणाला, "दुकानाच्या नावापुढे पत्ता टाकता येईल का?" टाकला. रजिस्टरमध्ये लिहिलं, वेळ बारा पन्नास.

दुसरं नाव माझंच. स्वतःला विचारलं, हे म्हणणं बरोबर आहे का? मन म्हणालं, आहे. तेही लिहिलं.

तिसरा फोन तिला. दोनदा चुकीचा लागला. तिने उचलला आणि मी एका दमात म्हणाले, "नमस्कार. आज तुमच्याबद्दल असं छापतोय, ऐका." बावीस वर्षांची अगंतुगं, आणि तोंडातून तुमच्याबद्दल निघालं. मी सगळं वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"बरोबर आहे का?" मी विचारलं.

खाली काकांनी हातोडी उचलली असावी, पहिला टण आला.

"एक शब्द काढ," ती म्हणाली. "अनवधानाने."

मी तो शब्द खोडला. पानाच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने सही केली, या वेळी माझी, आणि पान स्वतः खाली नेऊन दिलं.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा सासूबाई अंक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. भिंग बाजूला ठेवलेलं होतं. पहिल्या पानावरची अक्षरं मोठी असतात, ती त्यांना भिंगाशिवाय वाचता येतात.

"आलं तुझं नाव," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला स्वतः उठल्या.